कुंपणाच्या आत मेलेलं जनावर

प्रश्न असा आहे: जमीन माझी, पीक माझं, गोठा माझा. त्यात शिरलेला वन्यप्राणी मी मारला, तर मला शिक्षा का व्हावी?

मी पशुवैद्य आहे. खासगी जागेत मेलेल्या वन्यप्राण्यांचं शवविच्छेदन करायचं, अहवाल लिहायचा आणि बोलावलं की न्यायालयात साक्ष द्यायची, यात माझी बरीच वर्षं गेली. शेतकऱ्याचं म्हणणं मी ऐकतो, वनखात्याचंही ऐकतो, पण सगळ्यांच्या आधी जनावराचं ऐकतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. अंगावर आलेलं जनावर मारून जो स्वतः येऊन सांगतो, त्याला सोडावं. फास, विष किंवा वीज लावून जो घरी जाऊन झोपतो, त्याला शिक्षा व्हावी. जो मारून गुपचूप पुरतो, त्याला त्याहून जास्त व्हावी. उरतात ते मधले लोक, डोळ्यांदेखत शेळ्या मरत असताना हत्यार उचललेले. खरा वाद त्यांच्याबद्दलचा आहे.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. तीन प्रकरणं सांगतो.

पहिलं बिबट्याचं. गोठ्याच्या दाराच्या वरच्या फटीतून तो आत उतरला होता. आत चार शेळ्या मेलेल्या. आवाजानं आलेला शेतकरी दार उघडून आत गेला आणि बाहेर पडायची वाट त्याच्याच अंगावरून असल्यामुळे बिबट्या त्याच्यावर आला. शेतकऱ्यानं कुऱ्हाड चालवली. मी पोचलो तेव्हा जनावर पडल्या जागीच होतं, कुणी हात लावला नव्हता. घाव कपाळावर आणि डाव्या खांद्यावर, दोन्ही समोरून. कातडीखाली रक्त साकळलेलं, म्हणजे घाव बसले तेव्हा ते जिवंत होतं. मेल्यावर कुणी कितीही घाव घातले तरी तसं रक्त साकळत नाही. मग मी नखं मोजली. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार, एकूण अठरा. सगळी जागेवर. सुळे जागेवर, मिशासुद्धा. त्या माणसाच्या कोपरापासून मनगटापर्यंत समांतर ओरखडे होते आणि ते त्यानं मला दाखवले नाहीत, मला मागून पाहावे लागले. खोटं बोलणारा माणूस जखमा आधी दाखवतो.

दुसरं प्रकरण रानडुकराचं. "रात्री अचानक अंगावर आलं, गोळी घातली" असा जबाब. गोळी डोक्यात होती, तेवढं खरं. पण कमरेभोवतीचे केस बाजूला केले तर खाली गोल खोबण सापडली, तारेची. तार कातडी कापून मांसात गेलेली आणि आत पू. पू काही तासाभरात होत नाही. ते जनावर किमान दोनेक दिवस तारेत अडकून होतं. जवळच एका खुंटाभोवती जमीन गोलाकार उकरलेली होती, बुंध्याची साल हातभर उंचीपर्यंत सोललेली, आणि जनावराचा एक दात ताजा तुटलेला. "अचानक" हा शब्द तिथे टिकला नाही.

तिसऱ्यात मेलेलं जनावर शोधायलाच वेळ लागला, कारण मेलेले फार होते. ओढ्याकाठी एक मेलेली मेंढी टाकलेली होती. तिच्याभोवती माश्या मरून पडल्या होत्या. मढ्यावर माश्या घोंघावण्याऐवजी मेलेल्या दिसल्या की आमच्यासारख्यांनी हातमोजे चढवायचे आणि सोबतच्या कुत्र्याला गाडीत बांधायचं. पुढे दोन कावळे, एक शिकारी पक्षी, पायाची बोटं मुठीसारखी घट्ट आवळलेला. काही विशिष्ट कीटकनाशकांनी मेलेले शिकारी पक्षी असे सापडतात. शेजाऱ्याचं राखणीचं कुत्रंही त्यातच गेलं. ज्या कोल्ह्यासाठी हे सगळं मांडलं होतं, तो आम्हाला सापडला नाही.

तिन्ही ठिकाणी जागा मालकाची स्वतःची होती आणि तिन्ही ठिकाणी वन्यप्राणी मेला. कायद्याच्या एका ओळीत तिघंही 'मारणारे' ठरतात. मला मात्र ती तीन वेगळी कृत्यं दिसतात, आणि फरक मारण्याच्या क्षणात नाहीच. तो आधीच्या तयारीत आणि नंतरच्या वागण्यात आहे.

आता "जमीन माझी" या मुद्द्याकडे येऊ. रोमन कायद्यात रानटी प्राणी कुणाच्याच मालकीचा नसे. जो पकडेल त्याचा, मग जमीन कुणाचीही असो. जमीनमालक फार तर शिकाऱ्याला आत येऊ नको म्हणू शकत असे. म्हणजे जमिनीसोबत तिच्यावरचा प्राणीही आपोआप आपला होतो, ही समजूत तेव्हाही नव्हती. नंतर युरोपात राजेरजवाड्यांनी शिकार स्वतःकडे ठेवली. इंग्लंडच्या १६७१ च्या कायद्यानं शिकारीचा हक्क मोठ्या उत्पन्नाच्या जमीनदारांपुरता ठेवला. लहान शेतकऱ्याला स्वतःच्याच शेतातला ससा मारायची मुभा नव्हती. १७२३ चा कायदा तर तोंडाला काळं फासून हरीण चोरणाऱ्याला फाशी देणारा. कुळांना आपल्या कसत्या जमिनीवरचे ससे मारायचा पक्का हक्क मिळायला १८८० साल उजाडलं. फ्रान्समध्ये ऑगस्ट १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेनं सरंजामी हक्क रद्द केले, त्यात उमरावांचा शिकारीचा एकाधिकार होता आणि त्यांच्या कबुतरखान्यांचा हक्कही होता. ती कबुतरं शेतात पेरलेलं दाणं टिपायची आणि शेतकऱ्यानं बघत बसायचं. सभेनं ठरवलं की ठरावीक काळात कबुतरं कोंडून ठेवायची, नाहीतर ज्याच्या शेतात सापडतील त्यानं ती मारावीत.

हे सांगण्याचं कारण असं की शिकारबंदीचे कायदे मुळात प्राण्यांसाठी नव्हते, वरच्यांच्या मौजेसाठी होते. त्यामुळे असा कायदा पाहून शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते तेव्हा तिच्यामागे काही शतकांची आठवण असते. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आज बहुतेक देशांत वन्यप्राणी हा समाजाचा ठेवा मानला जातो आणि सरकार त्याचं राखणदार. मला हे पटतं. बिबट्या काही माझ्या सातबाऱ्यावर राहत नाही. आज माझ्या शेतात, उद्या पलीकडच्या डोंगरात, आणि त्याच्या असण्यानसण्याचा परिणाम दोन्हीकडे. पण हे एकदा मान्य केलं की त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. प्राणी सगळ्यांचा असेल तर त्यानं खाल्लेली शेळीही सगळ्यांच्या खात्यावर पडली पाहिजे. प्राणी समाजाचा आणि नुकसान एकट्याचं, ही 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' अशी गत झाली. जे सरकार भरपाई देत नाही, किंवा वर्ष उलटल्यावर देते, त्याला शिक्षा करायचा कायदेशीर अधिकार असेल. नैतिक अधिकार लंगडा असतो.

(भरपाईत लबाडी होते, हे मला कुणी सांगायला नको. मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. पण त्यासाठीच तर आमच्यासारखे लोक दातांच्या खुणांमधलं अंतर मोजत बसतात.)

मधल्या लोकांचा निवाडा देशोदेशी वेगळा झाला आहे. माणसाचा जीव वाचवण्यासाठी प्राणी मारला तर सहसा कुठेच शिक्षा नाही. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातलं कलम ११ स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेनं केलेल्या कृत्याला गुन्हा मानत नाही. फक्त त्या वेळी तो माणूस याच कायद्याविरुद्ध काही करत नसावा. म्हणजे शिकारीला गेलेल्यावर जनावर उलटलं तर त्याला हा आडोसा नाही. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता होतं, त्यामुळे बचावासाठी मारलं आणि नख काढून ताईत केला, तर त्या नखासाठी वेगळा गुन्हा. मालमत्तेसाठी मात्र स्वतःच्या मनानं मारता येत नाही. उभं पीक किंवा मालमत्ता धोक्यात असेल तर काही प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतो. वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना तीही सवड नाही. तिथे माणसाच्या जिवाला धोका असावा लागतो किंवा प्राणी बरा होण्यापलीकडे गेलेला असावा लागतो. या अनुसूचीतला प्राणी बेकायदा मारल्यास तीन ते सात वर्षं कैद.

अमेरिकेत हाच वाद न्यायालयात लढला गेला. मोंटानातल्या एका मेंढपाळानं १९८२ मध्ये कळपावर येणाऱ्या ग्रिझली अस्वलांपैकी एकाला गोळी घातली. १९७३ च्या दुर्मिळ प्रजातींच्या कायद्याखाली त्याला दंड झाला. आपली मालमत्ता राखण्याचा मला घटनादत्त हक्क आहे, असं म्हणत तो वरच्या न्यायालयात गेला. 'क्रिस्टी विरुद्ध होडेल' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या १९८८ च्या निकालात अपील न्यायालयानं ते फेटाळलं: अस्वलानं मेंढ्या खाल्ल्या म्हणजे सरकारनं त्या घेतल्या असं होत नाही. युक्तिवाद म्हणून तो चोख आहे. सकाळी मेंढ्या मोजणाऱ्या माणसाला मात्र तो मी समजावून सांगू शकणार नाही.

स्वीडनची वाट निराळी. तिथल्या शिकार नियमावलीचं कलम २८ पाळीव जनावरांवर हल्ला करणाऱ्या लांडगा, अस्वल, लिंक्स (मोठं रानमांजर) अशा प्राण्याला त्या प्रसंगी मारायची मुभा देतं. पण लगेच कळवावं लागतं आणि चौकशी होते. माझा कल या वाटेकडे आहे, एका अटीवर. हल्ला चालू असावा. काल रात्री चार शेळ्या नेल्या म्हणून आज मचाणावर बसून मारलेला प्राणी यात बसत नाही, कारण कालचाच आज आला हे कुणी ओळखलं?

पिकाचं मी वेगळं धरतो. डुकरांनी रात्रीत शेत लोळवलं की काय होतं ते मी पाहिलंय, तरीही. पिकाची किंमत काढता येते, भरून देता येते, आणि नुकसान एका क्षणात घडत नाही. परवानगी मागायला वेळ असतो. मात्र ती परवानगी पीक उभं असताना हातात पडली पाहिजे. कापणी झाल्यावर येणारा कागद म्हणजे वरातीमागून घोडं, आणि असे दोन हंगाम गेले की माणूस कागद मागणं सोडतो आणि तार विकत घेतो.

तारेवरून आठवलं. घरच्या वाहिनीवर आकडा टाकून कुंपणात थेट वीज सोडणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जराही दया नाही. सौरकुंपणाचं यंत्र सेकंदाला साधारण एक झटका देतं आणि तो झटका सेकंदाच्या अतिशय लहान अंशापुरता असतो. जनावर दचकतं, मागे सरतं, झटका तोवर संपलेला असतो. थेट वाहिनीतली वीज थांबत नाही. स्नायू आवळतात, तार सुटत नाही. मग तिथे डुक्कर आलं, गाय आली, की पहाटे पाणी धरायला आलेला शेजारी आला, तारेला फरक पडत नाही. फासाचं आणि विषाचंही तेच. कोण मरावं हे ठरवायला तिथे माणूस हजरच नसतो. बोट्सवानात २०१९ मध्ये हत्तींच्या विषारी केलेल्या मढ्यांवर ५३७ गिधाडं मेली. ते शिकारचोरांचं काम होतं, शेतकऱ्याचं नव्हे, पण विष कुणी ठेवलं हे पाहून ते कमीजास्त मारत नाही. वेल्सनं २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडनं २०२४ मध्ये फासांवर कायद्यानं बंदी घातली ती योग्यच. या साधनांना "माझी जमीन" हे उत्तर चालू नये. जमीन स्वतःची असेल तर उलट जबाबदारी वाढते. स्कॉटलंडमध्ये २०११ च्या कायद्यानुसार रखवालदारानं शिकारी पक्ष्यांना विष घातलं तर मालकालाही जबाब द्यावा लागतो. गडी तुरुंगात आणि मालक परगावी, हा जुना खेळ त्यानं जरा अवघड केला.

आता शिक्षेचा उलटा परिणाम. कडक शिक्षेवर भाबडा विश्वास असणाऱ्यांनी हे ऐकावं. अमेरिकेच्या ग्रामीण भागात एक म्हण झाली आहे: गोळी घाला, खड्ड्यात पुरा, गप्प बसा. कायदा कडक आणि तपास ढिला असला की हेच होतं. उत्तर कॅरोलायनात एका दुर्मिळ सुतारपक्ष्यासाठी जुनी पाइनची झाडं राखायचा नियम आला, तेव्हा पक्षी जवळ वस्तीला असलेल्या मालकांनी झाडं म्हातारी व्हायच्या आत तोडायला सुरुवात केली, म्हणजे पक्षी यायलाच नको. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे आकड्यांनिशी दिसलं. कुणी एकही पक्षी मारला नाही आणि पक्ष्याचं घर गेलं. त्याच भागात १९९५ पासून मालकांशी करार करायची पद्धत निघाली होती: तुम्ही झाडं राखा, पक्षी वाढले तरी तुमच्यावर नवी बंधनं येणार नाहीत. स्वीडनमध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी या आदिवासी समाजाच्या गावांना १९९६ पासून मेलेल्या रेनडिअरवरून नव्हे, तर त्यांच्या भागात शिकारी प्राण्यांची किती पिलावळ झाली यावरून पैसे मिळतात. लिंक्सची पिल्लं दिसली की पैसे. मेलेलं रेनडिअर दाखवायची गरज नाही. ही कल्पना मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चकित झालो होतो, आजही आहे.

म्हणून माझा भर कळवण्यावर आहे. चोवीस तासांत स्वतःहून कळवणाऱ्याला तपासात आरोपी म्हणून वागवू नका. त्याच्या गाडीची जप्ती, वर्षभर न्यायालयाच्या फेऱ्या, गावात नाव खराब, हे सगळं घडलं की पुढचे दहा जण शहाणे होतात आणि खड्डा खणतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा याहून सोपा मार्ग नाही. जो कळवत नाही त्याचा गुन्हा मात्र मारण्याच्या बरोबरीनं मोजा. पुरलेलं जनावर उकरून काढताना मी कधीच एकटं जनावर काढलं नाही. खाली आणखी काहीतरी असतंच.

शिक्षा कोणत्या प्रकारची, यावर थोडक्यात. लहान शेतकऱ्याला पहिल्याच चुकीसाठी कैदेत टाकून काही साधत नाही. बंदुकीचा परवाना रद्द करणं, सापळ्यांची शोधमोहीम त्याच्या खर्चानं करणं, गोठा बंदिस्त करायला लावणं, हे जास्त लागू पडतं. नखं-कातडी विकणाऱ्यांना कैदच हवी. तो धंदा आहे, शेती नव्हे.

आणि मारून प्रश्न सुटतो का, हेही विचारायला हवं. ब्रिटनमध्ये गुरांच्या क्षयरोगासाठी बिजू (बॅजर) मारण्याचा मोठा शास्त्रीय प्रयोग १९९८ पासून झाला. जिथे रोग दिसल्यावर आसपासचे बिजू मारले, तिथे रोग वाढल्याचं दिसलं आणि तो भाग २००३ मध्ये थांबवावा लागला. उरलेले बिजू पांगले आणि रोग घेऊन फिरले, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. याउलट बोट्सवानात गुरांच्या ढुंगणावर डोळ्यांची चित्रं रंगवली. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले: चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी एकही सिंह-बिबट्याच्या हल्ल्यात मेलं नाही, काहीच न रंगवलेल्या ८३५ मधली १५ मेली. दबा धरून येणाऱ्याला आपण दिसलो असं वाटतं, एवढंच. कळपात न रंगवलेली गुरंही होती, त्यामुळे सगळीच रंगवली तर काय होईल ते वेगळं. पण रंगाचा डबा बंदुकीपेक्षा स्वस्त असतो.

तुमच्या जागेत कधी वन्यप्राणी मेलाच, तुमच्या हातून किंवा आपोआप, तर त्याला हलवू नका. जनावर कुठे पडलं, तोंड कुणीकडे, रक्त कुठून सुरू झालं, ही तुमच्या बाजूची साक्ष असते आणि सगळ्यात आधी तीच पुसली जाते. स्वतःच्या जखमांवर उपचार घ्या, पण त्याआधी कुणाकडून तरी त्यांचा फोटो काढून घ्या. जवळच्या वन कार्यालयाला कळवा आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवा. लोक गोळा होतील, फोटो काढतील, कुणीतरी मिशी उपटेल. त्या एका मिशीनं सरळ प्रकरण वाकडं झालेलं मी पाहिलंय.

गोठ्यातल्या त्या बिबट्याच्या अहवालात मी लिहिलं: घाव दोन, दोन्ही समोरून, जिवंतपणीचे, नखं अठरा, दात पूर्ण, शेळ्या चार, मानेवरच्या खुणा बिबट्याच्या सुळ्यांशी जुळणाऱ्या. गुन्हा टिकला नाही. चार शेळ्यांचे पैसे अकरा महिन्यांनी आले. मधे एकदा मी त्या वाटेनं गेलो होतो, तेव्हा दाराच्या वरची फट त्यानं पत्रा ठोकून बुजवली होती. पत्रा उसना आणलेला होता.